सुपरवायझरांना काय शिकवू? (विषय: कामावर आलेले माजी सैनिक)

मंजिरी_सुदामानगर
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

मी इंदूरजवळ पीथमपूरला ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात ट्रेनिंगचं काम बघते. (नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.) महूची लष्करी छावणी शेजारीच, त्यामुळे आमच्याकडे माजी सैनिक बरेच लागतात. स्टोअर, डिस्पॅच, मेंटेनन्स, गाड्या, आणि अर्थातच गेट. गेल्या वर्षभरात त्यातले पाच सोडून गेले. पाचही राजीनाम्यांत कारण एकच, "घरगुती अडचण". पाचही घरांत एकाच वर्षी अडचण कशी आली, असं मी मीटिंगमध्ये विचारलं आणि साहेबांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं. आता बावीस सुपरवायझरांना अर्धा दिवस बसवून, माजी सैनिकांना नीट सांभाळून कसं घ्यावं हे शिकवायचंय.

हेड ऑफिसकडून तयार पीपीटी आली आहे. मागे तिरंगा, पुढे बर्फात उभा जवान, आणि अठरा स्लाइडींत सोळा वेळा "शिस्त". (मोजलं मी.) शेवटी सूचना, "२६ जानेवारीला त्यांचा सत्कार करावा." ही दाखवली तर लोक टाळ्या वाजवतील आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

एक प्रसंग सांगते, तो डोक्यातून जात नाही. डिस्पॅचला एक हवालदार होते, वय चाळीसच्या आतबाहेर, सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन आलेले. एका संध्याकाळी शिफ्ट सुटताना सुपरवायझर त्यांना म्हणाला, "जबलपूरच्या गाडीचं जरा बघून घ्या." पहाटे गाडी भलताच माल घेऊन निघून गेली. सुपरवायझरने सगळ्या हेल्परांसमोर त्यांना झापलं. ते एक शब्द बोलले नाहीत. दिवस पूर्ण केला, हातमोजे आणि टॉर्च स्टोअरला परत करून पोच घेतली आणि सोमवारी राजीनामा दिला.

तुमच्यापैकी कोणी फौजेत असेल, कोणाच्या घरी असेल, कोणाच्या हाताखाली अशी माणसं असतील, तर सांगा. सुपरवायझरला नेमकं काय शिकवावं? साडेतीन तास आहेत, त्यातला अर्धा तास चहा-पोह्यांचा.

पोहे_बिनजलेबीचे
सोमवार, रात्री १०:४०

रुमाल टाकून ठेवतो. विषय चांगला आहे. पोह्यांना अर्धा तास कमी आहे.

चिमणबागचा_बंडू
सोमवार, रात्री ११:०५

सोळा वेळा शिस्त! शिस्तीची माणसं हवीत म्हणून घ्यायची आणि दांडा देऊन गेटवर उभी करायची. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक ईएमईचे, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेचे, नायक आहेत. रणगाड्याचं इंजिन उतरवून परत बसवलेला माणूस आमच्या स्विगीवाल्यांची वहीत नोंद करतो. मागे लिफ्ट बंद पडली तेव्हा मिस्त्री येईपर्यंत त्यांनी दोष शोधून ठेवला होता, तर सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही गेट सोडून इकडे कसे?"

जुना_सिग्नलवाला
मंगळवार, पहाटे ५:२०

मंजिरीताई, मी फौजेच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन शाखेतून, सुभेदार म्हणून पेन्शन आलो. मूळ गाव साताऱ्याकडे. महूच्या टेलिकम्युनिकेशन कॉलेजात तीनदा कोर्सला आलो, चौथ्यांदा घरच बांधलं.

तुमची हकीकत वाचताना मी "जरा बघून घ्या" इथेच अडलो. फौजेत असा हुकूम नसतो. काम काय, कधीपर्यंत, बरोबर कोण, सामान कुठून घ्यायचं आणि झाल्यावर रिपोर्ट कोणाला द्यायचा, एवढं हुकमात असतंच. त्या माणसाला सतरा वर्षं ह्याच भाषेत काम सांगितलं गेलं. तुमचा सुपरवायझर म्हणाला बघून घ्या, तर त्याने बघितलं असेल! गाडी आहे, माल आहे, चलान आहे. आता त्यात काही चुकीचं दिसलं तर माल उतरवायचा अधिकार त्याला आहे की नाही, हे कोणी सांगितलं होतं?

आमच्या बिनतारीवर दोन शब्द असतात. "रॉजर" म्हणजे तुमचा निरोप मिळाला. "विल्को" म्हणजे मिळाला आणि त्याप्रमाणे करतो. दोन्ही वेगळे. तुमच्याकडे सगळे "हो हो, ठीक आहे" म्हणतात, ते ह्यातलं कोणतं? महत्त्वाचा निरोप असेल तर आम्ही समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचो. त्यात कोणाचा अपमान नसतो. तुमच्या सुपरवायझरांना ही एवढी एक सवय लागली तरी निम्मं भांडण मिटेल, आणि फक्त फौजींशी नाही.

आता झापण्याचं. इन्फंट्रीत हवालदार दहा जणांचं सेक्शन चालवतो. त्याच्या जवानांसमोर त्याला कोणी बोलत नाही. चुकला तर बाजूला नेतात, आणि तिथे असं सोलतात की विचारू नका. पण बाजूला. उद्या त्याच दहा जणांनी त्याच्या हुकमावर उठायचं असतं ना! सुभेदाराला तर कर्नलसुद्धा "साहेब" म्हणतो. पेन्शन आल्यावर त्याच माणसाला बावीस वर्षांचा पोरगा "ए भैया" म्हणून हाक मारतो. पगार कमी मिळाला तर पेन्शनचा आधार असतो, ह्या अपमानाला कसलाच आधार नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. फौजी तक्रार करत नाही असं सगळे म्हणतात, ते खरं नाही. भरपूर करतो. पण रस्त्याने करतो. आधी सेक्शन कमांडर, मग प्लाटून, मग कंपनी, असं वर वर. शिवाय सैनिक संमेलन असतं, तिथे खुद्द सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, समोर बसून विचारतात, कोणाला काही सांगायचं आहे का. लंगरच्या डाळीपासून घरच्या जमिनीच्या तंट्यापर्यंत सगळं निघतं. माझ्या वडिलांच्या शेताच्या बांधाचा वाद होता, तर सीओंनी कलेक्टरला पत्र लिहिलं होतं. आता हा माणूस तुमच्या कारखान्यात येतो आणि तो रस्ता शोधतो. सापडत नाही. सुपरवायझरला ओलांडून वर जाणं त्याच्या रक्तात नाही. मग तो काय करतो, राजीनामा देतो आणि "घरगुती अडचण" लिहितो.

बोलावलंत तर ट्रेनिंगला येईन. महूहून पीथमपूर काही दिल्ली नाही.

लाइन_इनचार्ज_२७
मंगळवार, दुपारी २:१५

मी सुपरवायझरच आहे, पीथमपूरलाच, मंजिरीताईंच्या कारखान्यात नाही (बहुतेक). दुसरी बाजू पण ऐका भिया.

माझं वय २७, डिप्लोमा मेकॅनिकल. माझ्या लाइनवर दोन फौजी आहेत, एक माझ्या वडिलांच्या वयाचे. ते मला "सर" म्हणून सावधानमध्ये उभे राहतात तेव्हा मला कुठे बघावं कळत नाही. दुसरे दिवसातून दहा वेळा म्हणतात, "फौज में ऐसा नहीं होता था." अरे नसेल होत, इथे होतं! शिफ्टचं टार्गेट लागतं, मशीन बंद पडतं, कॉन्ट्रॅक्टवाला हेल्पर न सांगता गायब होतो, त्यात मी काम काय-कधी-कोणाबरोबर असा लेखी हुकूम कधी काढू? आणि मला कोण हुकूम नीट देतो? प्लांट हेड रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसमोर माझी काढतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की ह्याला बाजूला नेऊन बोला.

सत्कार-बित्कार ठीक आहे. पण ह्या सगळ्याला "फौजींसाठी" नाव दिलं तर बाकीचे चिडतील. आधीच म्हणतात, ह्यांना पेन्शन पण, कॅन्टीन पण, वर इथे लाड पण.

जुना_सिग्नलवाला
मंगळवार, दुपारी ३:५०

लाइन इनचार्ज, बेटा, तुझं बरोबर आहे. "फौज में ऐसा नहीं होता" हे आम्ही फार बोलतो. माझी बायको आता ह्या वाक्यावर जेवण वाढणं थांबवते.

पण तो असं कधी म्हणतो ते बघ. इथे कसं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं तेव्हा. आम्ही नव्या युनिटला गेलो की एक बडी मिळायचा. कुठे झोपायचं, कोण कडक आहे, कोणत्या साहेबासमोर काय बोलायचं नाही, सगळं तोच सांगायचा. तुझ्या लाइनवरच्या जुन्या, समजूतदार कामगाराला पहिला महिना त्यांचा बडी कर. अट एकच, तो फौजी नसावा. दोन फौजी एकत्र ठेवलेस तर दोघं मिळून तुला सांगतील की फौजेत असं नव्हतं.

आणि ते "सर" म्हणतात ना, म्हणू दे. तू त्यांना आडनावापुढे "साहेब" किंवा "जी" लाव. हिशोब जुळतो.

हवालदारीणबाई
मंगळवार, रात्री ९:३०

आज सगळा धागा वाचून काढला. आमचे हे तोफखान्यात होते, आता देवास रोडला एका गोदामात आहेत.

मंजिरीताई, तुमच्या सुपरवायझरांना कानाचं सांगा. मी गंमत करत नाहीये. तोफेशेजारी वर्षानुवर्षं काढली की कान जातात, आणि ते बहिरे झाल्यासारखे जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. हाक ऐकू येते, शब्द कळत नाही. स, श, त, फ सगळं सारखंच वाटतं. घरी शांततेत बोललं की व्यवस्थित उत्तर देतात, म्हणून कोणाला संशयही येत नाही. गोदामात फोर्कलिफ्ट चालू असते, पंखे असतात, तिथे मागून कोणी काही सांगितलं की ह्यांना नुसता गोंगाट. पहिल्या साहेबाने वर कळवलं होतं, "ऐकून न ऐकल्यासारखं करतो, माजलाय." हे आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. ह्यांनी कधी सांगितलं नाही की ऐकू येत नाही, आणि रात्रभर कानात शिट्टी वाजते हे तर मलाच पाच वर्षांनी सांगितलं. आताचे साहेब समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलतात. एवढंच. मशीन आणलं नाही, काही नाही.

दुसरं सुट्टीचं. फौजेत साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि वर तीस कॅज्युअल. लांबची पोस्टिंग म्हणून एकदम घेऊन यायचे, घर, शेत, लग्नं सगळं त्यात उरकायचं. इथे वर्षाला बारा, तेही एकेक मागून. ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात, नंबर लावायचा तर तिथे रविवारी कोण बसतंय? रेफरल घ्यायला एक दिवस, मग हॉस्पिटलला दुसरा. दर वेळी "परत सुट्टी?" मग हे जातच नाहीत. बीपीच्या गोळ्या तीन महिने मीच माझ्या नावाने मेडिकलमधून आणल्या.

आणि एक, थोडं घरातलं आहे पण लिहिते. वीस वर्षं माणूस वर्षातून दोन महिने घरी असायचा. आता रोज घरी आहे. मुलीला कितवीत कोणते विषय आहेत हे त्याला माहीत नाही, आणि आपल्याला माहीत नाही ह्याची त्याला लाज वाटते. घरातही तो नवाच असतो आणि कामावरही नवाच. दोन्हीकडे एकदम रंगरूट.

पोहे_बिनजलेबीचे
मंगळवार, रात्री १०:०२

काकू, शेवटची ओळ. _/\_

मनाचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ८:१५

हवालदारीणबाईंचा प्रतिसाद जसाच्या तसा सुपरवायझरांना वाचून दाखवावा.

माझ्याकडून थोडंसंच. अशा ट्रेनिंगमध्ये कोणीतरी उत्साहाने पीटीएसडीची (आघातानंतर होणाऱ्या मानसिक आजाराची) स्लाइड घालतो आणि मग सुपरवायझर प्रत्येक फौजीकडे बॉम्ब असल्यासारखा बघायला लागतो. बहुसंख्य माजी सैनिकांना असा काही आजार नसतो. उलट "सीमेवर होतात का, किती मारले" असं डबा खाताना विचारणारे भरपूर असतात. ते आधी बंद करायला शिकवा.

निदान करणं सुपरवायझरचं काम नाहीच. त्याने बदल तेवढा टिपावा. नेहमी वेळेवर येणारा उशिरा येऊ लागला, शांत माणूस चिडायला लागला, डोळे रात्रभर जागल्यासारखे, तोंडाला वास, आणि हे महिनाभर चाललंय, तर एकट्यात विचारायचं. विचारून गप्प बसायचं. उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी परत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठी-हिंदीत बोलता येतं. नंबर नोटिस बोर्डावर सगळ्यांसाठी लावा, फौजींच्या हातात चिठ्ठी देऊ नका.

इंदूरी_ओरेगॉनात
बुधवार, सकाळी ९:४०

मी मूळची लोकमान्यनगरची, आता पोर्टलंडला असते. योगायोग म्हणजे ह्याच विषयावरचं एक महत्त्वाचं काम माझ्या शहरातलं आहे. माजी सैनिकांना आधार द्यायला सुपरवायझरांना शिकवलं तर खरंच फरक पडतो का, हे इथल्या संशोधकांनी ओरेगॉनमधल्या ३५ संस्थांत करून बघितलं. काही संस्थांच्या सुपरवायझरांना प्रशिक्षण दिलं, काहींच्या नाही, आणि मग दोन्हीकडच्या माजी सैनिकांची तब्येत आणि काम ताडून पाहिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रशिक्षण म्हणजे कॉम्प्युटरवर साधारण तासाभराचं, आणि त्यानंतर आपण कसं वागतो ह्याची स्वतःच नोंद ठेवायची.

निकाल मजेशीर आहे. जिथे वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार आधीपासून बरा होता, तिथल्या लोकांना फायदा झाला. जिथे मुळात कोरडेपणा होता, तिथे ह्या तासाभराने काही फार उगवलं नाही.

इथला फरकही सांगते. अमेरिकेत पुष्कळ लोक नोकरी करत असतानाच नॅशनल गार्ड किंवा राखीव दलात असतात. बोलावणं आलं की महिनोन्महिने जातात, आणि त्यांची नोकरी राखून ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. १९९४ चा कायदा आहे. त्यामुळे शिफ्ट बदलून देणं, परत आल्यावर कामात बसवून घेणं, हे इथल्या सुपरवायझरच्या रोजच्या कामातच येतं. आपल्याकडे माणूस पेन्शन घेऊन कायमचा बाहेर पडतो. म्हणून इथलं जसंच्या तसं उचलू नका, पण वागणुकीची वही ठेवायची कल्पना घेण्यासारखी आहे.

मंजिरी_सुदामानगर
बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार, वाचताना नोट्स काढतेय. ओरेगॉनवाल्या ताई, तुमचा निकाल वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडचा "आधीचा आधार" मला माहीत आहे ना! लाइन इनचार्ज जो व्हॉट्सॲप ग्रुप म्हणतोय तो आमच्याकडेही आहे.

सुभेदारसाहेब, तुमचं आमंत्रण मी पक्कं धरतेय. रॉजर नाही, विल्को.

बँकवाला_राजवाडा
गुरुवार, सकाळी ११:१०

सरकारी बँकांत क्लार्कच्या १४.५ टक्के आणि शिपाई वर्गाच्या २४.५ टक्के जागा माजी सैनिकांना असतात, त्यामुळे आम्हाला हे लोक नवीन नाहीत. तरी पहिल्यांदा मॅनेजर झालो तेव्हा मी एक घोटाळा केला.

शाखेत एअरफोर्समधून आलेले एक गृहस्थ लागले. कामाला वाघ. रोज संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत जागेवर. मला वाटलं, काय उत्साह आहे! दोन महिन्यांनी त्यांच्या मिसेस शाखेत आल्या आणि मला म्हणाल्या, "साहेब, ह्यांना एवढं काय काम देता?" मी चाट. काहीच देत नव्हतो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सर, आपने जाने को बोला नहीं." मी रोज बसलेलो असायचो, म्हणून तेही बसायचे. फौजेत फॉल आउट म्हटल्याशिवाय फॉल आउट नसतं. दोन महिने त्या माणसाने रात्रीचं जेवण थंड खाल्लं, कारण मी "या आता" एवढं म्हणालो नव्हतो.

चिमणबागचा_बंडू
गुरुवार, सकाळी ११:३२

ह्यावर आमच्या मॅनेजरचं मत: असे दहा द्या. :)

मालवा_एक्सप्रेस
गुरुवार, दुपारी १:००

अवांतर होईल, पण अग्निवीरांचं काय? २०२२ ला योजना आली, चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे ठेवणार. बाकीचे साधारण पंचविशीतच बाहेर, आणि पेन्शन नाही. पीथमपूरला येणारा फौजी ह्यापुढे चाळिशीचा हवालदार नसेल, लाइन इनचार्जपेक्षाही लहान असेल. त्याला मान कमी पडला म्हणून तो जाणार नाही, दोन हजार जास्त मिळाले म्हणून जाईल. मंजिरीताई, तुमचं ट्रेनिंग दोन वर्षांत जुनं होणार.

जुना_सिग्नलवाला
गुरुवार, दुपारी ४:१५

जुनं होणार नाही. त्या पोरांनाही चार वर्षं काम स्पष्ट सांगितलं गेलेलं असेल. उलट पेन्शन नाही म्हणजे त्यांना टिकायची गरज आमच्यापेक्षा जास्त.

आणि दुसऱ्या नोकरीचा हा प्रश्न आजचा नाही. इथे महूत रोज ज्यांच्या जन्मस्थळावरून जातो, त्या बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत मास्तर होते. पेन्शन आल्यावर साताऱ्याकडे दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशिअर म्हणून लागले. आमच्याच भागात. शाळेत शिकवणारा सुभेदार मजुरीचे पैसे मोजत बसला. त्यांच्या वरच्या साहेबाला कोणी ट्रेनिंग दिलं असेल असं वाटत नाही.

मंजिरीताई, आणखी एक. प्रत्येकाच्या डिस्चार्ज बुकात ट्रेड आणि केलेले कोर्स लिहिलेले असतात. भरतीच्या वेळी तुमचा एचआर त्याची झेरॉक्स घेतो आणि फाइलला लावतो. सुपरवायझरांनी ती वाचलेली असते का, विचारून बघा.

(तीन आठवड्यांनी)

मंजिरी_सुदामानगर
शनिवार, रात्री ९:५०

झालं एकदाचं. वृत्तांत देते, बरा-वाईट दोन्ही.

पीपीटी लावलीच नाही. (साहेबांना सांगितलं, प्रोजेक्टर बिघडला. चालतं.) बावीस आले, चहानंतर एकोणीस उरले. सुभेदारसाहेब इस्त्रीच्या सफारीत, नऊच्या ट्रेनिंगला पावणेनऊला हजर. सुरुवातीला मी एका सुपरवायझरला म्हटलं, ह्यांना नेहमीसारखं काम सांगा. तो म्हणाला, "काका, स्टोअरचं जरा बघून घ्या." साहेब उठले, गेले, चार मिनिटांनी परत आले आणि कडक उभं राहून म्हणाले, "बघितलं सर. दार निळं आहे." हॉल कोसळला. पण मग मी प्रत्येकाला काल शिफ्ट सुटताना दिलेली शेवटची सूचना शब्दशः लिहायला लावली. फळ्यावर आलं ते असं: "नेहमीसारखं करा", "तुम्हाला माहीतच आहे", "जरा लवकर", "ते कालचं", आणि सात जणांचं "बघून घ्या". त्यानंतर हसायला कोणी नव्हतं. रॉजर-विल्को लगेच पकडलं सगळ्यांनी, आता कॅन्टीनमध्ये चहाची ऑर्डर पण विल्कोवर चालते.

हवालदारीणबाई, तुमचा कानाचा भाग मी वाचून दाखवला, नाव न घेता. एक सुपरवायझर मधेच उठून बाहेर गेला. नंतर कळलं, त्याने मागच्याच महिन्यात एका गनरला "ऐकत नाही" म्हणून मेमो दिला होता. मेमो परत घ्यायला गेला होता तो.

डिस्चार्ज बुक कोणीच वाचलेलं नव्हतं. कोणीच म्हणजे बावीसपैकी शून्य. मी झेरॉक्स वाटल्या तेव्हा मेंटेनन्सवाल्याला कळलं की रात्रपाळीच्या गेटवर आपला एक जनरेटर मेकॅनिक बसलेला आहे. सोमवारपासून तो मेंटेनन्सला.

फसलं ते हे. "एकट्यात नेऊन विचारा" ह्याचा सराव घेतला तर सगळे पोलीस इन्स्पेक्टर झाले. "बोला, काय प्रॉब्लेम आहे तुमचा?" तिसऱ्यांदा हे झाल्यावर सुभेदारसाहेब म्हणाले, "आधी त्याच्या हातात चहा द्या. मग स्वतःच्या घरचं काहीतरी सांगा. मग गप्प बसा." तरी दोघा-तिघांनाच जमलं. आणि ईसीएचएससाठी अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर सगळे एका सुरात म्हणाले की ते आमच्या हातात नाही. खरंच नाही. मी साहेबांना लिहिलं आहे, अजून उत्तर नाही. रात्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "नोटेड."

लाइन_इनचार्ज_२७
शनिवार, रात्री १०:२०

नोटेड म्हणजे रॉजर. विल्को नाही.

माझ्याकडचं सांगतो. मी बडी दिला. आता "फौज में ऐसा नहीं होता" बडीला ऐकावं लागतं, मला कमी. आडनावापुढे साहेब लावतो. आणि शिफ्ट सुटताना पांढऱ्या बोर्डावर तीन ओळी लिहितो, काम, वेळ, झाल्यावर फोन कोणाला. दोन मिनिटं लागतात. फौजींपेक्षा बाकीच्या हेल्परांनाच ते जास्त आवडलंय, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

जुना_सिग्नलवाला
रविवार, पहाटे ५:०५

शाबास बेटा.

मंजिरीताई, त्या डिस्पॅचच्या हवालदाराला फोन केलात का?

मंजिरी_सुदामानगर
सोमवार, रात्री ८:१५

केला. धीर होत नव्हता, आज केला. परत येणार नाहीत. राऊकडे एका शाळेच्या बसवर लागलेत, मुलं "बसवाले काका" म्हणतात, खूश वाटले.

गाडीचं विचारलं. म्हणाले, "मॅडम, माल चुकीचा चढलाय हे मला रात्रीच दिसलं होतं. सुपरवायझर निघून गेले होते. गेटवर त्यांचा नंबर मागितला, तर रात्री साहेबांना फोन करायचा नाही म्हणाले. मग मी डिस्पॅचच्या वहीत लिहून ठेवलं."

आज शिफ्ट सुटल्यावर जाऊन वही काढली. टेबलाच्या खणातच होती. त्या तारखेचं पान आहे. गाडी नंबर, कोणते बॉक्स चुकलेत, त्यांची संख्या, रात्रीचे ८:४०, खाली सही आणि सहीखाली "रिपोर्ट".